निंबूच्या झाडावरचा डबा

२ मे

ही वही दीक्षाची. मागून अर्धी तिच्या गणिताची आहे, पुढून अर्धी तिनं मले दिली. मोनाली, म्हणजे माझी सून, आज पोरीले रामटेकले आपल्या माहेरी सोडून सांजच्या बसनं परत आली. घर कसं भुंडं वाटून राहिलं. सुटी आहे, जाईलच ना पोट्टी आजोळी. पण जाता जाता मले काम लावून गेली.

"आजी, रोज लिहजो. कोणता पक्षी आला, किती वाजता आला, काय खाल्लं. मी आली का तपासीन."

तपासीन म्हणे! नऊ वर्षांचं कार्टं मले तपासते. इतकं हसू आलं का बस. माझी वही शेवटची कुहीच्या शाळेत चौथीच्या गुरुजीनं तपासली होती, त्याले साठ वर्षं होत आली.

डबा तिनंच केला. तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन, तिले चारी बाजूनं खिडक्या कापल्या अन् खालून माझे दोन लाकडी डाव आरपार घुसवले, पाखरायले बसाले. डाव मले विचारून घेतले नाही. दुसऱ्या कोणी घेतले असते तं मी घर डोक्यावर घेतलं असतं. वर पेनानं लिहिलं, "फुकट जेवण". काय डोकं आहे पोरीचं! आजोबावर गेली.

म्हणाली, "घरातून दिसला पाहिजे अन् मांजर पोचली नाही पाहिजे. जागा तू ठरव."

जागा मी ठरवायची. ह्या घरात भिंतीले रंग कोणता तेही मले विचारत नाही. फ्रीज आला तो मी विहारातून परत आल्यावर दिसला. म्हणून मी मोठ्या खुशीत डबा घेऊन अंगणात निघाली, तं प्रेमानंद, माझा मुलगा, मोबाईलमधून मान वर न करता म्हणते, "आई, गच्चीवर लाव. खाली घाण होते."

त्याले कोणी विचारलं होतं?

४ मे

दोन दिवस जागाच पाहून राहिली. अंगण आमचं एवढंसं, पण ठरवाले बसलं तं संपत नाही.

फाटकावर लावला. दूधवाल्याच्या डोक्याले लागला. तो म्हणे, "माताजी, हमको भी दाना खिलाओगे क्या?" सगळी बाजरी त्याच्या केसात.

मंग माझ्या खिडकीपाशी लावला. बसल्या जागी दिसते, अजून काय पाहिजे. पण तिथं कूलर. तो चालू झाला का ट्रकसारखा घरघरते, पाखरू काय, माणूस उभा राहत नाही. मी कूलर बंद केला. भर दुपारी, चव्वेचाळीस होतं. प्रेमानंद ऑफिसातून आला अन् म्हणाला, "आई, पक्ष्यासाठी आम्हाले भाजून काढशील का?" मी म्हटलं, तू पंख्याखाली बस, चिमणीले पंखा नाही. मोनाली हसली. ती दवाखान्यात सिस्टर आहे, तिले माणसं भाजलेली पाहाची सवय आहे.

शेवटी निंबूचं झाड. हे आधीच सुचाले पाहिजे होतं. काटे आहेत, मांजर चढत नाही. दुपारपर्यंत सावली. चुलीपाशी उभी राहिली का खिडकीतून समोर. हे झाड दीक्षाच्या आजोबानं, देवरावनं, प्लॉट घेतला तेव्हा लावलं होतं. घर मागून झालं, झाड आधी. भिंतीले लागून आहे, अर्ध्या फांद्या शेजारी यमुताईच्या अंगणावर.

पावणेपाचले चिमणी आली. एकच. बाजरीचे दोन दाणे खाल्ले, मान वाकडी करून माझ्याकडे पाह्यलं. दीक्षे, लिहून घे.

६ मे

आज डोक्यात जाळ झाला आहे. पेन इतका दाबून लिहून राहिली का मागचं पान फाटन.

सकाळी यमुताई भिंतीपाशी आली. म्हणाली, "सिंधूताई, ते तुमचं पक्ष्यांचं जे काय आहे, ते आमच्या बाजूला नको हो. तिकडे लावा."

मी म्हटलं, "ते माह्या झाडावर आहे."

"झाड तुमचं, पण खाली अंगण आमचं. मी कुरडया वाळत घातल्यात. चिमण्या दाणे खातात आणि भिंतीवरून थेट माझ्या बाजेवर. सगळी वाट लावली."

"मंग झाका."

"मी झाकू? तुम्ही हलवा ना."

मी पाठ फिरवून आत आली. कुरडयाचं काही नाही. चिमण्या कुरडया खातात हे मले पण माहीत आहे. पण "आमच्या बाजूला नको, तिकडे लावा" हे शब्द! माझा बाप छपन्न साली बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घ्यायले कुहीहून चालत नागपूरले आला होता, मी मायच्या पोटात होती. तो सांगे का लहानपणी त्यानं "इकडे नको, तिकडे बस" एवढंच ऐकलं. मले वाटलं होतं ते शब्द त्याच्यासोबत गेले.

यमुताई काही वाईट बोलत नाही, हे मी खोटं कायले लिहू. सव्वीस वर्षं शेजारी आहे. दिवाळीचा फराळ देते. दीक्षा झाली तेव्हा मोनालीले बाळंतविडा दिला. माझ्या झाडाचे निंबू हक्कानं नेते. पण आमच्या घरात चहाचा एक घोट नाही. नाही म्हणत नाही, तेवढी हुशार आहे. "आत्ताच झाला हो." "आत्ताच जेवण झालं." खीर द्या, "आत्ताच जेवण झालं." पाणी द्या, "आत्ताच प्यायले." सव्वीस वर्षं बाईचं पोट भरलेलंच. तिचा नवरा मधुसूदनराव होता तो कचेरीतून यायचा अन् प्रेमानंदच्या हातचं पाणी गटागट प्यायचा. तो गेला, ही राहिली.

डबा हलणार नाही.

७ मे

हलवला नाही. दोन चिमण्या, एक साळुंकी. साडेसातले यमुताई. "झाकलं तरी खालून शिरतात." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

९ मे

साळुंकी भांडखोर आहे, चिमणीले टिकू देत नाही. बुलबुलाची जोडी आली, नऊ वाजता. खारोटी उलटी लटकून खाते. खार म्हणजे पाखरू नाही, तिले मोजू नको असं दीक्षानं मले सांगितलं होतं, पण ती येतेच, मी काय करू.

यमुताई पण येतेच. रोज साडेसातले. आज भिंतीवर ताट ठेवलं अन् त्यातली एक कुरडई उचलून दाखवली.

"बघा. जाळी झाली आहे. विक्रम अठ्ठावीसला येतोय घेऊन जायला, त्याला ही पाठवू का?"

विक्रम तिचा मुलगा. तो अन् त्याची बायको चिन्मयी दोन वर्षांपासून बंगलोरले आहेत.

मी म्हटलं, "कुरडईले तशीबी जाळीच असते."

"गंमत सुचते तुम्हाला."

"तुम्ही गच्चीवर काहून नाही वाळवत? सगळं गाव गच्चीवर वाळवते."

"गुडघे बघितलेत माझे?"

"बाजेवर मच्छरदाणी लावा."

"मच्छरदाणी विक्रम घेऊन गेला."

"तं मी काय करू बाप्पा!"

पाऊण तास चाललं हे. चहा उकळून उकळून काळा झाला. तिले चहा विचारणार नव्हतीच, पण दोन कपाचं आधण कसं ठेवलं गेलं कोणास ठाऊक. दोन्ही मीच पिली. पित्त झालं.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

आजच्या दिवशी राग करू नये. सकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात गेली, वंदना झाली, खीर वाटली, मन कसं धुतल्यासारखं झालं. भन्तेजी म्हणाले, राग म्हणजे हातात धरलेला निखारा. बरोबर आहे, म्हटलं. टिफिनभर खीर घेऊन घरी आली.

अन् झाडावर डबा नाही!

गच्चीवर. पाण्याच्या टाकीले सुतळीनं बांधलेला. प्रेमानंदनं केलं. मले म्हणते, "आई, रोज सकाळी भिंतीवर भांडण. लोकं ऐकतात. एवढ्याशा डब्यासाठी कायले?"

म्हटलं, "तुले तिनं सांगितलं?"

"नाही. मीच म्हटलं, आपणच थोडं समजून घेऊ."

इथं माझा तोल गेला. निखारा गेला खड्ड्यात. मी म्हटलं, "आपणच काहून? तुझ्या वडिलानं रेल्वेत तीस वर्षं समजून घेतलं. वेगळा पेला समजून घेतला. ह्या प्लॉटवर आला तेव्हा पहिलं झाड लावलं अन् म्हणाला, सिंधू, इथून कोणी हलवणार नाही. अन् तू! तुले कोणी सांगितलं पण नाही, अन् तू आपला आपणच मागं सरकला? एवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी का गा?"

तो नवा कुर्ता घालून होता, तसाच गच्चीवर गेला, डबा आणला, झाडावर चढला. कोपरापर्यंत काटे ओरबाडले. मी हळद लावून दिली. पोरगा वाईट नाही, पण त्याले वाटते शांत राहिलं का झालं.

खीर भिंतीपलीकडे दिली नाही. "आत्ताच जेवण झालं" ऐकाची आज ताकद नव्हती.

सांजले ती भिंतीपाशी आली. "सकाळी डबा दिसला नाही."

"काहून? जीव थंड झाला का?"

"तसं नाही. त्या बुलबुलांच्या जोडीतला एक लंगडतो ना, तो आला होता. झाडावर तीनदा फिरला आणि गेला. म्हणून विचारलं."

मुद्दाम मीठ चोळते.

१३ मे

सकाळपासून चुलीपाशी उभी राहून पाहून राहिली. तो बुलबुल खरंच लंगडते. डावा पाय. नऊ दिवस झाले, डबा माझा, झाड माझं, वही माझ्यापाशी, अन् लंगडा पाय तिले दिसला! मले काहून दिसला नाही? ती भांडाले आली का झाडाकडेच पाहत राहते, म्हणून.

१५ मे

साडेसात झाले, आठ झाले. यमुताई आली नाही. बरं झालं. शांतता वाटली.

दीक्षाचा फोन आला. आंबे खाऊन गळू झालं आहे म्हणे. रामटेकच्या माकडानं तिची चप्पल पळवली अन् गडाच्या पायरीवर बसून चावली, हे सांगता सांगता हसून हसून तिची मुरकुंडी वळली. मंग मले विचारलं, "आजी, आज कोण आलं?" मी म्हटलं, "आज आली नाही." म्हणे, "कोण, चिमणी?" मी म्हटलं, "हाव, चिमणी."

१६ मे

आजही नाही. अंगणात कपडे नाहीत, दारापुढं रांगोळी नाही. मले काय करायचं आहे. भाजी निवडाले भिंतीजवळ बसली, तिथं सावली बरी म्हणून. सावली नव्हती. ऊन लागून डोकं दुखलं. हेही तिच्याचमुळं.

मोनाली ड्यूटीवरून आली तं म्हणाली, "आई, यमुकाकूच्या हाताले बँडेज आहे. परवा मनगट मुरगळलं. मी पाहून आली."

म्हटलं, "अन् मले आता सांगते?"

"तुम्ही तं म्हणता तिचं नावच काढू नका."

उलट बोलाले शिकली आहे.

१८ मे

आली. डावा हात पट्टीत. मी आधी पाह्यलंच नाही, बाजरी भरत राहिली. लंगडा बुलबुल आला होता, साळुंकीले न घाबरता बसून राहिला.

"सिंधूताई, त्या पहिल्या कुरडया काही कामाच्या राहिल्या नाहीत. पुन्हा घालायच्या आहेत. माझा हात हा असा. साचा फिरवायला कोणीतरी हवं. तुम्ही याल का?"

कोणीतरी हवं!

सव्वीस उन्हाळे ह्या अंगणात कुरडया झाल्या. पहाटे चार वाजता चीक शिजायचा, वास माझ्या उशीपर्यंत यायचा. तिची नणंद यायची, गल्लीतल्या बाया यायच्या, चिन्मयी होती तोवर चिन्मयी. मी इकडे भिंतीशी उभी राहून निंबू तोडत असायची, कोणी म्हटलं नाही, "सिंधूताई, या." आता नणंद राहिली नाही, सून राहिली नाही, हात राहिला नाही, तं साचा फिरवाले मी!

मी म्हटलं, "तुमच्याकडे भांड्याले बाई येते ना? तिले सांगा."

ती म्हणाली, "तिला नाही सांगायचं मला." अन् आत गेली.

मस्त बोलली मी. दिवसभर तेच आठवून राहिली.

१९ मे

मोनालीनं काल रात्री जेवताना मले पकडलं.

"आई, कुरडया घालाले कोणाले बोलावतात?"

"ज्याचे हात चालतात त्याले."

"माह्या माहेरी आई परक्या बाईले चिकाजवळ येऊ देत नाही. नजर लागते म्हणते, चीक फाटते म्हणते. जवळचीच माणसं बोलावतात. अन् तुम्ही तिले कामवालीकडे पाठवलं."

"तू तिची वकील आहे का वं?"

"मी फक्त विचारून राहिली."

प्रेमानंद मध्ये म्हणाला, "आई, राहू दे ना." मी त्याच्याकडे पाह्यलं, तो वरणात पाहाले लागला.

जवळची माणसं म्हणे. जवळच्या माणसाच्या घरचं पाणी पितात. मले सांगते!

पण मी विचार केला. राग गिळून नाही, रागानंच केला. सकाळी भिंतीपाशी उभी राहिली अन् आवाज दिला. ती आली, डोळे सुजल्यासारखे होते, बँडेजनं झोप लागत नसन.

म्हटलं, "येते मी. पण चीक माह्या अंगणात शिजन. माही चूल, माहं पाणी, माहं पातेलं. बाज पण माह्या अंगणात, फाटकाच्या बाजूले, तिकडे चिमण्या जात नाहीत. मच्छरदाणी आहे आमच्याकडे. डबा जिथं आहे तिथंच राहीन. मंजूर असन तं गहू भिजवा."

तिनं एका हातानं भिंत धरली. वर डब्याकडे पाह्यलं. चिमण्यांचाच कलकलाट.

"बरं," म्हणाली.

एवढंच! सव्वीस वर्षं जे झालं नाही ते एका "बरं" मध्ये? भांडली असती तं बरं वाटलं असतं. मी भांडायची तयारी करून गेली होती.

२१ मे

गहू कालपासून तिच्याकडे भिजून राहिले. रोज पाणी बदलायचं असते, ती एका हातानं करते अन् भिंतीवरून मले सांगते, "बदललं हं." मी कुठे विचारलं?

माझ्या मनात मात्र एकच गोष्ट घोळते. कुरडई वाळली, तळली, तिच्यात कोणाच्या घरचं पाणी होतं हे कोणाले कळते. ती खाईन. खरी गोष्ट आहे गरम चिकाची. शेवटचा साचा झाला का पातेल्यात जो गरम चीक राहते, त्यातून जेवढ्या बाया असतात तेवढ्या वाट्या भरतात. वर तूप, साखर. खाल्ल्याशिवाय कोणी उठत नाही, तशी रीतच आहे. तेव्हा पाहीन मी. तेव्हा पोट भरलेलं आहे म्हण, म्हणावं.

तूप कढवून ठेवलं. साखर बारीक करून ठेवली. चांगल्या वाट्या खाली काढल्या.

पाच चिमण्या, दोन्ही बुलबुल, एक राघू पण आला होता. वेळ पाह्यली नाही.

२३ मे

उन्हानं घात केला. चोवीसले घालायच्या होत्या, पण गहू एक दिवस आधीच आंबले. काल दुपारी तिनं हाक मारली, "आजच वाटावं लागेल, नाही तर फेकायची वेळ." रातभर चीक बसवला, अन् आज पहाटे पाच वाजता पातेलं घेऊन मोनाली अन् ती भिंतीच्या त्या बाजूनं, मी ह्या बाजूनं.

चूल पेटवली. पाणी माझ्या माठातलं, उकळी आली तसं मीठ टाकलं. यमुताई म्हणाली, "जास्त झालं." मी म्हटलं, "झालं नाही." तिनं एका हातानं चीक ओतला, मी लाकडानं हाटला. अंग घामानं निथळलं. गाठ एक होऊ दिली नाही. ती म्हणत राहिली, "खालून, खालून, लागतंय," मी म्हणत राहिली, "मले समजते." साच्याचा दांडा मी फिरवला, ती साचा धरून बाजेवर गोल टाकत गेली. एका हाताचे गोल, पण कसे सुबक! मले ते जमलं नसतं. तिले सांगितलं नाही.

मधीच झाडाकडे पाहून म्हणते, "तो डबा वरच्या फांदीवर घ्या. माझ्या ओट्यावरून अर्धाच दिसतो."

हुकूम पाह्यला! मी म्हटलं, "आधी हलवा म्हणत होत्या, आता वर घ्या." ती म्हणे, "तेव्हा कुरडया होत्या." प्रेमानंद दात घासत होता, तसाच गेला अन् वर बांधून आला. वरूनही माझ्या खिडकीतून दिसते, म्हणून मी चालू दिलं.

मंग वाट्या भरल्या. तूप, साखर. मोनालीले दिली, प्रेमानंदले दिली. तिची वाटी मी स्वतः तिच्यापुढं धरली. वाटी गरम होती, पदरानं धरली.

तिनं वाटीकडे पाह्यलं. म्हणाली, "आज माझी एकादशी आहे हो. उद्या बघू."

उद्या बघू.

मी पातेलं घासाले घेतलं. ती गेली अन् मी भिंतीवरचं कॅलेंडर पाह्यलं. खरंच एकादशी. तरी काय झालं? गहू आंबला तेव्हा माहीत नव्हतं का? चोवीसले होणार होत्या तेव्हा काय सांगितलं असतं, तेव्हा "आत्ताच जेवण झालं" म्हटलं असतं. तिच्या देवाकडे पण तिच्यासाठी बहाणा तयार.

मोनालीनं तिची वाटी झाकून फडताळात ठेवली. ठेव, म्हटलं. तूपसाखर माझी नासली तेवढी.

२४ मे

सकाळी साडेसहा. मोनाली ड्यूटीवर गेली. फडताळ उघडलं तं ती वाटी. चीक घट्ट झालेला, वर तूप थिजलेलं. ती दिसली अन् कालचा सगळा जाळ परत वर आला. म्हटलं, बघत बस तू उद्या. वाटी उचलली, स्टूल घेतलं, गुडघे दुखत असून वर चढली अन् सगळा चीक तोडून तोडून डब्यात घातला. म्हटलं, ह्यायले एकादशी नाही. खा.

अन् काय तुटून पडली पाखरं! चिमण्या, साळुंकी, दोन्ही बुलबुल. लंगड्यानं एवढा मोठा तुकडा उचलला का त्याले उडता येईना.

तेवढ्यात फाटक वाजलं. मले वाटलं दूधवाला.

यमुताई. भिंतीपाशी नाही, रस्त्यानं फिरून, फाटकातून. न्हालेली, केस ओले, धुतलेलं लुगडं. सव्वीस वर्षांत ती फाटकातून बारशाले आली अन् देवराव गेला तेव्हा आली.

म्हणाली, "सिंधूताई, द्वादशी सोडायची आहे. कालपासून पोटात काही नाही. मोनाली म्हणाली, माझी वाटी ठेवली आहे."

मी स्टुलापाशी उभी. रिकामी वाटी हातात. मले वाटलं जमीन फाटावी. मांजरीचं नाव घेणार होती, पण मांजर तं तिथं चढत नाही हे तिलेपण ठाऊक.

"पाखरायले घातली," म्हटलं.

तिनं वर पाह्यलं.

"सगळी?"

"सगळी."

"मीठ जास्त झालं आहे म्हटलं होतं तुम्हाला. आता दिवसभर पाणी पीत बसतील." असं म्हणून ती सरळ घरात आली अन् ओट्यापाशी पाट ओढून बसली. "मग? काय देता?"

घरात काय होतं? काहीच नव्हतं! शनिवारचा बाजार व्हायचा होता. रातची वांग्याची भाजी अन् दोन पोळ्या. म्हटलं, "लसूण आहे त्यात."

"असू द्या."

गरम करून दिली. तिनं एका हातानं घास मोडला. हिरवी मिरची मागितली, दिली. दोन्ही पोळ्या खाल्ल्या. मंग पाणी मागितलं. मी माठातून दिलं. प्यायली, तांब्या खाली ठेवला, अजून मागितलं. मंग म्हणाली, "वांगी कुठून आणता? आमच्याकडची कडू निघतात." मी सांगितलं कुठून. गेली.

आता नऊ वाजले अन् मी अजून ओट्यापाशी बसून आहे, भांडं घासलं नाही. इतका राग मले ह्या महिन्यात आला नव्हता. सव्वीस वर्षं मी मनात बेत केले, ही बाई कधी पाटावर बसलीच तं काय करीन. सांबारवडी करीन, कोथिंबीर ठासून भरलेली, खुसखुशीत, तिच्या घरी होते तिच्यापेक्षा चांगली. पुरण करीन, ताटाभोवती चार वाट्या मांडीन. अन् आली ती अशी! न सांगता, सकाळच्या पारी, रातच्या वांग्यावर! काल 'उद्या खरंच येते' असं कपाळावर लिहून आणलं असतं तं वाचलं असतं मी. आदल्या दिवशी एक शब्द नीट सांगितला असता तं बाईचं काय गेलं असतं?